एकेटी चालू असताना पुन्हा ताप आणि हिरवा बेडका: आधी थुंकीचे दोन डबे, मग अँटिबायोटिक

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५४ वर्षांचे, पन्हाळा तालुक्यातले. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आणि घरी थोडी भातशेती. शुगर जुनी. थुंकीत टीबी निघाला आणि सहा आठवड्यांपासून सरकारी एकेटी (टीबीच्या औषधांचा कोर्स) चालू आहे. संध्याकाळचा ताप तीन आठवड्यांत गेला, भूक लागली, वजन वाढलं. आता चार दिवसांपासून थंडी वाजून १०२-१०३ ताप येतोय, घट्ट पिवळा-हिरवा बेडका पडतोय आणि श्वास घेताना उजवीकडे टोचतंय. जवळच्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक पाच दिवस लिहून दिलंय. शेजारी म्हणतात, टीबीचं औषध लागू पडत नाही. मुलाचा प्रश्न: एकेटी बंद करायची का, आणि ही गोळी द्यायची का?

दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. एकेटी एक दिवसही चुकवू नका. लिव्होफ्लॉक्सासिन सुरू केलं नसेल तर थांबा, आणि आजच वडिलांना छातीच्या डॉक्टरांकडे किंवा सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) न्या. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून टीबीच्या फुप्फुसात दुसऱ्या जंतूंचा न्यूमोनिया झाल्याची शक्यता सगळ्यात जास्त वाटते. पण ती शक्यताच आहे. खात्री थुंकी, एक्स-रे आणि रक्त यांतून होईल, आणि थुंकी अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी घ्यावी लागेल.

निघण्याआधी घरी एक गोष्ट करा. वडील शांत बसलेले असताना, त्यांना न सांगता, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, आजारी माणसात त्यात फरक पडतो. मिनिटाला २४ च्या वर असेल, किंवा ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली दिसत असेल, तर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसवू नका, थेट तातडीच्या विभागात न्या. श्वास ३० ला पोचला असेल, वरचं बीपी ९० च्या खाली असेल, माणूस गुंगीत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर तो भरती करण्याचाच पेशंट आहे. आधाराशिवाय उभं राहता येत नसेल, दोन्ही पायांना सूज असेल आणि अंगावर मांस उरलेलं नसेल, तरीही तेच. आणखी एक: टोचणं अचानक सुरू झालं आणि त्याच क्षणी धाप वाढली असेल, तर फुप्फुस फुटून हवा बाहेर आली असण्याची, म्हणजे न्यूमोथोरॅक्सची, शंका धरावी लागते. तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही, नळी लागते. म्हणून एक्स-रे आजच हवा, उद्या नाही.

आता हे का घडतं ते बघू, कारण ते कळलं की पुढचे निर्णय आपोआप समजतात.

टीबी फुप्फुसातला मांसल भाग तर खातोच, शिवाय श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराचीही वाट लावतो. त्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ सतत वर ढकलतात. ते नष्ट झाले की कफ तिथेच बसतो, उसाच्या पाटात गाळ साचून पाणी तुंबावं तसा. टीबी बरा होताना वण पडतात, ते नळ्यांना बाहेरून ओढतात आणि नळ्या कायमच्या रुंद होतात. यालाच ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. जिथे पोकळी पडली आहे तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळे औषध आणि पांढऱ्या पेशी दोन्ही कमी पोचतात. त्यात शुगर वाढलेली, अंगात प्रथिनं कमी, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत वर्षानुवर्षं फाउंड्रीतली वाळूची धूळ. सिलिकाची धूळ फुप्फुसातल्या ज्या पेशी जंतू गिळतात त्यांनाच मारते. साचे फोडणं आणि कास्टिंग घासणं या कामांत ती सर्वाधिक उडते. त्यांनी ती कामं केली असतील तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कारण सिलिकोसिसचे, म्हणजे या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे, डाग एक्स-रेवर टीबीच्या डागांत मिसळून जातात, आणि सिलिकोसिससोबत टीबी असेल तर उपचार नेहमीपेक्षा लांबवण्याचा विचार करावा लागतो.

मग चार-चार अँटिबायोटिक पोटात असताना दुसरा जंतू वाढतोच कसा? हा प्रश्न बहुतेक घरांत पडतो. एकेटीतल्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही तीन टीबीच्या कुळाबाहेरच्या नेहमीच्या जंतूंवर काहीच करत नाहीत. रिफाम्पिसिन स्टॅफिलोकोकससारख्या काही जंतूंवर चालतं, पण क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास यांना ते रोखत नाही. मधुमेहींत आणि दारू पिणाऱ्यांत क्लेबसिएला नेहमी डोक्यात ठेवावा लागतो. जुन्या, नळ्या रुंद झालेल्या फुप्फुसात स्यूडोमोनास घर करतो. याशिवाय न्यूमोकोकस आणि हिमोफिलस आहेतच. बेडक्याला सडका वास येत असेल, दात किडलेले असतील किंवा दारूच्या नशेत उलटी झाली असेल, तर ऑक्सिजनविना वाढणारे तोंडातले जंतू आणि फुप्फुसातला गळू यांचा विचार करावा.

थुंकीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

थुंकी दोन वेगळ्या डब्यांत हवी आणि दोन वेगळ्या तपासण्यांना हवी. पहिला डबा टीबीच्या तपासणीला, दुसरा नेहमीच्या जंतूंच्या ग्रॅम स्टेनला (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) आणि कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला). एकाच डब्यात काम भागत नाही. टीबीचं कल्चर लावताना प्रयोगशाळा थुंकीवर सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करते. इतर जंतू मरावेत आणि सावकाश वाढणाऱ्या टीबीच्या जंतूला जागा मिळावी, हाच तिचा हेतू असतो. म्हणजे त्या डब्यात क्लेबसिएला असला तरी तो रिपोर्टमध्ये दिसणार नाही. ‘टीबीचं कल्चर क्लिअर आहे’ याचा अर्थ ‘दुसरं इन्फेक्शन नाही’ असा होत नाही. उलटही तितकंच खरं: साध्या कल्चरमध्ये टीबीचा जंतू दिसत नाही.

नमुना सकाळचा, उठल्यावरचा. आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा चूळ भरायची. माउथवॉश किंवा टूथपेस्ट वापरायची नाही, त्याने जंतू मरतात. मग मोकळ्या हवेत, घरच्यांपासून लांब, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढायचा. दोन ते पाच मिली घट्ट बेडका पुरतो, फेसाळ लाळ चालत नाही. प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकाखाली नमुन्याची प्रत बघते: कमी वर्धनाच्या एका क्षेत्रात तोंडाच्या पेशी दहापेक्षा कमी आणि पूपेशी पंचवीसपेक्षा जास्त असतील, तर नमुना छातीतला. तोंडाच्या पेशीच भरपूर असतील, तर जे काही उगवेल ते तोंडातलं आहे. असा रिपोर्ट आला तर नमुना पुन्हा द्या, त्यावर औषध ठरवू नका.

आणि वेळ. साध्या कल्चरचा डबा दोन तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. उशीर झाला तर न्यूमोकोकस आणि हिमोफिलस मरतात, तोंडातले आणि आतड्यातले जंतू बेसुमार वाढतात, आणि रिपोर्ट भलताच येतो. गगनबावडा किंवा राधानगरीच्या आतल्या गावातून सकाळच्या एसटीने डबा पाठवला आणि तो दुपारी उघडला, तर त्या कल्चरवर विश्वास ठेवता येत नाही. उशीर होणारच असेल तर डबा फ्रिजमध्ये, चार अंशांवर ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. त्याहून बरं म्हणजे पेशंटनेच केंद्रावर जाऊन तिथेच नमुना द्यावा.

रिपोर्ट आला की त्याचा अर्थही नीट लावायला हवा. जुन्या पोकळीत किंवा रुंद झालेल्या नळीत काही जंतू मुक्कामाला असतातच. ताप नाही, बेडका नेहमीसारखा, एक्स-रेत नवं काही नाही, आणि कल्चरमध्ये स्यूडोमोनास उगवला, तर तो फक्त तिथे राहतोय, त्यासाठी इंजेक्शनं लागत नाहीत. रिपोर्टवर कॅन्डिडा ही बुरशी लिहिलेली तर फार वेळा दिसते. ती जवळजवळ नेहमी तोंडातली असते. त्यासाठी फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू करणं बहुतेक वेळा निरर्थक आहे, शिवाय रिफाम्पिसिनमुळे त्या औषधाची रक्तातली पातळी खाली येते. उपचार पेशंटवर करायचा असतो, रिपोर्टच्या कागदावर नाही.

रक्तात काय बघायचं? नुसत्या टीबीत पांढऱ्या पेशी बहुधा नॉर्मल किंवा किंचित वाढलेल्या असतात. १५ हजारांच्या पुढे, त्यातही न्यूट्रोफिल या प्रकारच्या पेशी जास्त, तर दुसऱ्या जंतूची शंका बळावते. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणी) टीबीतही वाढतो, म्हणून तो वाढला एवढ्यावरून काही ठरवू नये. प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गात वाढणारा रक्तातला घटक) खूप वाढलेलं असेल तर मदत होते, कमी असेल तर मात्र न्यूमोनिया नाही असं म्हणता येत नाही. बिलिरुबिन, एसजीपीटी (दोन्ही लिव्हरच्या चाचण्या) आणि क्रिएटिनिन (किडनीची) आजच करून ठेवा, त्याचं कारण पुढे येतं. भरती होत असतील तर रक्ताचं कल्चरही अँटिबायोटिकआधीच.

आता लिव्होफ्लॉक्सासिन. गोळी चांगली आहे, आणि तिला जपायचं ते म्हणूनच. लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही टीबीवरची प्रभावी औषधं आहेत. आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या टीबीत लिव्होफ्लॉक्सासिनवरच मदार असते, आणि एमडीआरच्या (मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या) सहा महिन्यांच्या नव्या उपचारात मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे. तुमच्या वडिलांची सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) झाली असेल, पण सीबीनॅट फक्त रिफाम्पिसिनचा प्रतिरोध सांगते. आयसोनियाझिडचा रिपोर्ट लाइन प्रोब तपासणीतून येतो. तो आला आहे का, हे तुमच्या टीबी युनिटला विचारा. आला नसेल, आणि आतला जंतू खरोखरच औषधाला दाद देत नसेल, तर अशा उपचारात एकच नवं औषध पाच दिवस टाकणं म्हणजे त्या जंतूला त्या औषधाचीही ओळख करून देणं. मग पुढच्या पायरीवरचं औषध आपण आधीच वाया घालवलेलं असतं. टीबीचं निदान अजून व्हायचं आहे अशा खोकल्यात तर ही गोळी आणखी घातक: ताप उतरतो, थुंकी तात्पुरती निगेटिव्ह येते आणि निदान आठवडेच्या आठवडे मागे पडतं. शिवाय मधुमेहींत या गोळीने शुगर एकदम खाली किंवा वर जाऊ शकते. लिनेझोलिड आणि अमिकासिन यांनाही हाच नियम. दोन्ही टीबीची राखीव औषधं आहेत, आणि अमिकासिन किडनी आणि कान या दोन्हींवर बसतं. तुमच्या डॉक्टरांनी वाईट हेतूने लिहिलं नाही. वडिलांची एकेटी चालू आहे हे त्यांना नीट सांगा आणि दुसरं काही चालेल का ते विचारा.

दुसरं काय चालतं? प्रकृती स्थिर असेल, घरी उपचार होण्यासारखे असतील, तर सहसा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट ६२५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा जेवणासोबत, पाच ते सात दिवस. भरती केलं तर सेफ्ट्रिअॅक्सोन रोज एक ते दोन ग्रॅम शिरेतून. स्यूडोमोनास पूर्वी निघाला असेल, किंवा गेल्या तीन महिन्यांत रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक झाली असतील, तर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसारखं औषध लागतं, आणि ते रुग्णालयातच. ब्रॉन्किएक्टेसिस उसळला असेल तर सहसा १४ दिवस, फुप्फुसात गळू असेल तर आठवडेच्या आठवडे. फुप्फुसाभोवती पू साठला असेल तर अँटिबायोटिक कितीही भारी दिलं तरी पू काढल्याशिवाय ताप हटत नाही. मात्रा वजन, किडनी आणि लिव्हर पाहून डॉक्टर ठरवतील. हे आकडे तुम्हाला चिठ्ठी समजावी म्हणून दिलेत, मेडिकलमधून स्वतः आणण्यासाठी नाहीत.

इथे दोन सापळे आहेत. पहिला लिव्हरचा. एकेटीतली तीन औषधं लिव्हरवर ताण देतात, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटनेही कावीळ होऊ शकते, कधीकधी कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी. आधीचा आकडा हातात नसेल तर नंतर दोष कुणाचा हे कळत नाही आणि सरसकट एकेटी बंद पडते. उलटी, मळमळ किंवा कावीळ असताना एसजीपीटी नॉर्मलच्या तिप्पट, किंवा काहीही त्रास नसताना पाचपट झालं, तर लिव्हरला जाच करणारी औषधं थांबवायची असतात, तीही डॉक्टरांनी. दुसरा सापळा रिफाम्पिसिनचा. ते लिव्हरला इतर औषधं भराभर मोडायला लावतं. डॉक्सिसायक्लिन आणि क्लॅरिथ्रोमायसिनची रक्तातली पातळी खाली येते, म्हणजे गोळी घेऊनही न घेतल्यासारखी. शुगरच्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्याही कमी पडतात. तुमच्या वडिलांची शुगर एकेटी सुरू झाल्यापासून वाढली असेल तर त्यात पथ्याचाच दोष आहे असं नाही. इन्फेक्शन उतरेपर्यंत इन्सुलिनवर जाणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. श्वास लागत असेल, ऑक्सिजन कमी असेल, तर मेटफॉर्मिनही थांबवावं लागतं.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. ताप आला की मेडिकलमधून किंवा एखाद्या दवाखान्यातून सुट्या गोळ्यांच्या पुड्या बांधून आणायची सवय आपल्याकडे आहे. त्यात बारीक पांढरी स्टिरॉइडची गोळी असू शकते. एका दिवसात ताप उतरतो, भूक लागते, माणूस उठून बसतो, आणि आत न्यूमोनिया आणि टीबी दोन्ही पसरत राहतात. शुगर चारशेवर जाते ते वेगळंच. नाव नसलेली गोळी टीबीच्या पेशंटला देऊ नका.

औषध सुरू झाल्यावर ४८ ते ७२ तासांनी पुन्हा दाखवायचं. ताप, श्वास आणि बेडक्याचा रंग यांत सुधारणा हवी. नसेल तर अँटिबायोटिक बदलत बसण्याआधी निदान पुन्हा तपासायचं. मग या शक्यता धराव्या लागतात: पू साठला आहे, टीबीचा जंतू औषधाला दाद देत नाही, किंवा टीबीचीच प्रतिक्रिया आहे. या शेवटच्या प्रकारात औषध लागू पडत असतानाच, पहिल्या दोन-तीन महिन्यांत, मेलेल्या जंतूंवर शरीर चवताळतं. ताप येतो, गाठी किंवा छातीतलं पाणी वाढतं, पण थुंकीतले जंतू मात्र कमी होत गेलेले असतात. थुंकीची पाहणी करताना साधी सूक्ष्मदर्शक तपासणी आणि टीबीचं कल्चर बघा. सीबीनॅट मेलेल्या जंतूंचाही डीएनए पकडते, त्यामुळे सहा आठवड्यांनी ती पॉझिटिव्ह आली म्हणून औषध फसलं असं ठरत नाही. गोळ्यांची संख्याही एकदा मोजा. सुरुवातीच्या दोन महिन्यांत चार औषधांच्या एकत्रित गोळ्या ३५ ते ४९ किलोला रोज तीन आणि ५० ते ६४ किलोला रोज चार असतात. वजन ५२ आणि गोळ्या तीनच, असं होत असेल तर उत्तर तिथेच सापडेल. पावसाळ्यात डेंगी आणि मधुमेहींत लघवीचं इन्फेक्शन हीही तापाची कारणं असतात, ती तपासून मोकळं व्हावं.

तुमच्याकडे भातशेती आहे म्हणून एक कमी ऐकलेलं नाव लिहितो: मेलिऑइडोसिस. हा मातीतला आणि साचलेल्या पाण्यातला जंतू आहे, कर्नाटकच्या किनारपट्टीत तो नियमित सापडतो. अनवाणी चिखलात रोपलावण करणारे मधुमेही हे त्याचं आवडतं लक्ष्य, आणि पावसाळा हा त्याचा हंगाम. एक्स-रे हुबेहूब टीबीसारखा दिसू शकतो, वरच्या भागात पोकळीसकट. सेफ्ट्रिअॅक्सोनने तो नीट आटोक्यात येत नाही. सेफ्टाझिडाइम किंवा मेरोपेनेम आणि नंतर कित्येक महिने को-ट्रायमॉक्साझोल लागतं. कल्चरमध्ये तो कधी ‘स्यूडोमोनासची जात’ म्हणून सोडून दिला जातो. म्हणून तपासणीच्या फॉर्मवर ‘मधुमेह, भातशेती’ हे दोन शब्द लिहायला सांगा. प्रयोगशाळा मग नीट बघते.

टीबी बरा झाल्यावरही हा विषय संपत नाही. वण राहिलेल्या फुप्फुसात दर पावसाळ्यात, दर थंडीत कफ भरतो, जुना एक्स-रे तसाच डागाळलेला दिसतो, आणि थुंकी न तपासता ‘टीबी परत आला’ म्हणून पुन्हा एकेटी सुरू होते. हे फार जणांच्या बाबतीत घडतं आणि ते चुकीचं आहे. जुने एक्स-रे फेकू नका. नव्या डागाची तुलना करायला तेच लागतात. वारंवार रक्त पडत असेल आणि थुंकी टीबीला निगेटिव्ह असेल तर पोकळीत अॅस्परजिलस ही बुरशी वाढली आहे का, ते सीटी स्कॅन आणि रक्ताच्या चाचणीने बघतात. बेडक्यातून चमचाभराहून जास्त लाल रक्त आलं तर ज्या बाजूला आजार आहे त्या कुशीवर झोपवा, म्हणजे चांगलं फुप्फुस रक्ताने भरत नाही, आणि लगेच रुग्णालय गाठा.

कफ बाहेर काढणं हा उपचाराचाच भाग आहे. दिवसातून दोनदा, जेवणाआधी, दहा-पंधरा मिनिटं: चार-पाच खोल श्वास, तीन सेकंद रोखणं, मग तोंड उघडं ठेवून काचेवर वाफ धरावी तसा ‘हाऽऽ’ करत जोराने श्वास सोडणं, मग एक खोकला. थुंकी पॉझिटिव्ह असेपर्यंत हे अंगणात किंवा गच्चीवर, बंद खोलीत नाही. रक्त पडत असेल तर अजिबात नाही. घरी नेब्युलायझर असेल तर त्याचा कप रोज गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ओला ठेवलेला कप स्यूडोमोनास वाढवतो.

आणि खाणं. रोज दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, डाळ, दूध, परवडेल तसं मटण किंवा चिकन. रस्सा पिऊन पोट भरतं, अंगाला लागतो तो तुकडा. निक्षय पोषण योजनेचे (टीबीच्या पेशंटच्या आहारासाठी सरकारी मदत) महिन्याला १००० रुपये खात्यात येतात का, आशाताईंना विचारा. कोल्हापुरात कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिण्याची जुनी आवड आहे. टीबीच्या पेशंटने दूध जरूर प्यावं, पण उकळूनच, कारण कच्च्या दुधातून गुरांचा टीबी आणि ब्रुसेल्ला (गुरांकडून येणारा, ताप आणणारा जंतू) दोन्ही येऊ शकतात. मशेरी आणि विडी घरात कुणीच वापरू नये. फ्लू आणि न्यूमोकोकलच्या लसी हा ताप पूर्ण उतरल्यावर देता येतात, एकेटी चालू असली तरी. फ्लूची दरवर्षी, शक्यतो पाऊस सुरू होण्याआधी.

फाउंड्रीत परत कधी जायचं, हे एकेटीचा कोर्स संपताना छातीचा एक्स-रे आणि फुंकण्याची चाचणी करून ठरवा. साचे फोडण्याच्या किंवा घासण्याच्या जागी परत जाऊ नये. डॉक्टरांकडून तसं लेखी घेऊन धूळ नसलेलं काम मागा.